गुरुवारच्या लाल काडेपेट्या

ज्या माणसानं सगळ्यांसमोर माझं हसं केलं, त्याला त्याच सगळ्यांसमोर उभं करायचं, हे मी त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत, पुरीभाजीची ताटली हातात धरून ठरवलं. कसं करायचं ते माहीत नव्हतं. पण मला घाई नव्हती.

मी प्राथमिक शिक्षिका. माहेर अकोटचं, डी.एड. अकोल्याला, सासर अमरावतीचं आणि नोकरी संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका गावी. आठवडाभर वरूडला खोली करून राहते, शनिवारी अमरावतीच्या घरी जाते. शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक तिघं. चौथी आणि पाचवी मी एकाच खोलीत घेते. गावात संत्र्याच्या बागा, बागांत काम करणारी घरं, आणि गावोगावच्या बाजारात भाजी-फळांची दुकानं लावणारी काही हिंदू-मुसलमान घरं.

महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. या सगळ्या शाळांवर एक केंद्रप्रमुख देखरेख ठेवतो. आमचे केंद्रप्रमुख पन्नाशीचे, इस्त्रीच्या कपड्यातले, आवाज मोठा. त्या जुलैच्या परिषदेत त्यांनी भिंतीवर एक आलेख दाखवला. प्रत्येक शाळेचा एक खांब, खांबाची उंची म्हणजे मुलांची उपस्थिती. सगळ्यांचे खांब बऱ्यापैकी उंच. आमचा बुटका.

"हे बाकीच्यांचे खांब," ते म्हणाले, "अन् हे बैल बांधायची खुंटी."

लोक हसले. साहेबांना हसू मिळालं की ते थांबत नाहीत.

"काहो मॅडम, तुमच्या गावात शाळा भरते का बाजार भरते?"

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, आमची उपस्थिती इतकी कमी नाही."

"मॅडम, आकडे खोटं बोलत नाहीत. आलेख वाचता येते ना तुमाले? नाही येत तर पोट्ट्यांसंग बसून शिका."

तेव्हा जे हसले त्यांत माझ्याबरोबर अकोल्याला एका बाकावर बसून डी.एड. केलेली एक बाईही होती. तेही मी लक्षात ठेवलं आहे.

हसण्यावर संपलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण शेवटी त्यांनी सांगितलं की अशा उपस्थितीच्या शाळेला पाचवी कशाला हवी, म्हणून पुढच्या जूनपासून आमची पाचवी तालुक्याच्या मोठ्या शाळेला जोडायचा प्रस्ताव ते वर पाठवणार आहेत. मुलांनी एस.टी.नं जायचं. प्रस्तावाला हाच आलेख जोडणार.

माझ्या चौथीत तेव्हा एक मुलगी होती. तिचे वडील भाजीवाले. घरात हिंदी बोलत, दुकानावर वऱ्हाडी, आणि ही पोरगी दोन्ही भाषा एकाच वाक्यात. गणितात हुशार, हट्टी, कोणाचं ऐकून न घेणारी. प्रस्तावाची बातमी गावात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील शाळेच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत.

"मॅडम, एस.टी. में इतनी छोटी लडकी को रोज अकेली कैसे भेजूँ? पाचवी इथं राहिली तर शिकवीन. नाही तर चौथीवरच बस."

भांडायला आले नव्हते. मला सांगून ठेवायला आले होते. त्या पोरीसारख्या आणखी चार-पाच होत्या, त्यांच्या घरच्यांनी तेवढंही सांगितलं नसतं.

साहेबांच्या आलेखाचा फोटो मी मोबाइलवर काढून घेतला होता. त्या संध्याकाळी वरूडच्या खोलीत तो मोठा करून पाहिला. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: भेटीच्या दिवशीची उपस्थिती. म्हणजे साहेब ज्या दिवशी आले त्या दिवशीची हजेरी. आणि साहेब आमच्याकडे कधी येतात? गुरुवारी. गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो. मोटारसायकलच्या डिकीत त्यांची कापडी पिशवी घडी करून ठेवलेली असते. शाळेत अर्धा तास, मग बाजारात दीड तास. वांगी, मेथी, हिवाळ्यात संत्री. बाजाराच्या दिवशी आमची निम्मी पोरं आईबापाच्या दुकानावर बसतात, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. इतर शाळांच्या गावांचे बाजार इतर वारी, आणि तिथं साहेब बाजार नसलेल्या दिवशी जात, कारण एका घरात आठवड्याला भाजी लागते ती किती.

दुसऱ्या दिवशी मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं. गुरुजी निवृत्तीला आलेले, सज्जन, भित्रे.

"मॅडम, जाऊ द्या ना. साहेबाच्या पिशवीत आपण कायले डोकवायचं?"

"पाचवी जाईल, गुरुजी."

"जाईन तर जाईन. मी भी जातोच आहो."

तक्रार करून उपयोग नव्हता. तक्रार केली की ती बाईची कटकट होते आणि साहेबांचा योगायोग होतो. त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं सिद्ध करून द्यावं असं मला हवं होतं. त्यांनीच तर सांगितलं होतं, पोट्ट्यांसंग बसून आलेख शिका. मी बसले.

चौथी-पाचवीच्या मुलांना आलेख शिकवायचा तर पुस्तकातली चित्रं पुरत नाहीत. पुस्तकात कोणाला कोणतं फळ आवडतं असले आलेख असतात. आमच्या पोरांना संत्रं आवडतं का विचारलं तर ती तुमच्याकडे बघत राहतात. मी पहिल्या दिवशी रिकाम्या काडेपेट्या आणायला सांगितल्या. घरोघरच्या, चहाच्या टपरीवरच्या, पानठेल्यावरच्या. दोन दिवसांत पोतं भरलं.

आधी चूक करू दिली. म्हटलं, आज आलेल्या प्रत्येकानं एक पेटी ठेवा, मुलांची इकडे, मुलींची तिकडे. त्यांनी दोन ढीग केले. मुलांचा ढीग उंच दिसत होता.

"पोट्टे जास्त!" मुलं ओरडली.

भाजीवाल्याची पोरगी उठून ढिगांजवळ गेली. बसली. खाली वाकून पाहिलं.

"उंची को काय पाहता बे? बूड पाहा ना. यांनी चढवून लावला ढीग. आमचा पसरला आहे."

तिचे वडील बाजारात टमाट्याचा ढीग चढवून लावतात. खाली थोडे, वर निमुळते, लांबून मोठा दिसणारा. ती लहानपणापासून तो ढीग लावते आहे, तिला कोणी ढिगानं फसवू शकत नाही. पेट्या मोजल्या. मुली जास्त निघाल्या. मग मी विचारलं, ढीग लावणाऱ्याला फसवता येऊ नये असं काय करता येईल? बराच गोंधळ झाला. शेवटी एकावर एक पेटी, सारख्या रुंदीची, एकाच रेघेवरून सुरुवात, इथपर्यंत ती पोरं आपली आपण आली. मी फळ्यावर स्तंभालेख हा शब्द लिहिला. शब्द शेवटी लिहायचा असतो.

त्या दिवसापासून वर्गात एक सवय लागली. कोणताही आलेख समोर आला की आधी खाली पाहायचं. खाली काय लिहिलं आहे, रेघ कुठून सुरू होते, एक घर म्हणजे किती. ही सवय मी मुद्दाम घट्ट करून घेतली. वर्तमानपत्रातले आलेख कापून आणायची, पावसाचे, कापसाच्या आवकीचे. पोरं खालच्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय तोंड उघडत नसत.

मग मोठा आलेख सुरू केला. पॅकिंगवाल्यांकडून संत्र्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, सरळ करून जोडले, भिंतीला लावले. खाली सोमवार ते शनिवार. रोज जेवढी मुलं हजर तेवढ्या पेट्या त्या वारावर चिकटवायच्या. वर्षभर.

पहिल्याच शुक्रवारी एक पोरगा गुरुवारच्या रेघेवर पेटी चिकटवताना सापडला.

"काल तू नव्हता ना?"

"होतो ना मॅडम."

"कुठं होता?"

"बाजारात."

"मग हजर कसा?"

"गावातच होतो ना! बाहेरगावी थोडी गेल्तो!"

आणि वर्गातल्या बऱ्याच जणांना त्याचं म्हणणं पटलं. बाजारात बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कामावर हजर असणंच होतं, उलट शाळेपेक्षा जास्तच. तो सबंध तास मी हजेरी म्हणजे काय यावर घालवला. कशाची मोजणी करतो आहोत ते आधी ठरवल्याशिवाय आलेख काढता येत नाही, हे शिकवायला मला यापेक्षा चांगला धडा मिळाला नसता. पेटी परत काढून घेतली तेव्हा तो रडकुंडीला आला होता, पण काढली.

दुसऱ्या आठवड्यात पेट्या पुठ्ठ्याच्या वर जाऊ लागल्या. प्रमाणाचा धडा आपोआप आला. मी म्हटलं, आता एक पेटी म्हणजे दहा हजेऱ्या.

"दहा पोट्टे एका माचिसमंदी कसे बसतीन?" चौथीतला एक.

पाचवीतली एक मुलगी, जिची आई संत्र्याच्या पॅकिंगला जाते, त्याला म्हणाली, "येडा आहे का? खोकं एकच राहते, आत किती संत्री ते बाजूले लिहिलं राहते." आणि तिनं जाऊन पुठ्ठ्याच्या कडेला खडूनं मोठं लिहिलं, एक पेटी बरोबर दहा. उरलेल्या हजेऱ्या ताळ्याच्या खुणांनी मांडायच्या, दहा झाल्या की एक पेटी. ज्या आठवड्यात सुट्टी आली तो आठवडा धरायचा नाही, नाही तर त्या वारावर अन्याय होतो, हे पोरांनीच ठरवलं. या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक होती.

आणि मग मी ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते हळूच पुढं केलं. म्हटलं, शाळेला पाहुणे येतात त्यांचीही नोंद करू. काही पेट्यांना लाल कागद लावा. पाहुणा आला की एक लाल पेटी, त्यावर त्यानं स्वतः सही करायची आणि ज्या वारी आला त्या वाराखाली स्वतःच्या हातानं चिकटवायची. वारांच्या खाली त्यासाठी वेगळी रेघ आखली.

पोरांना हे फार आवडलं. पाहुणा दिसला की डिंक घेऊन धावत.

साहेब आले. अर्थातच गुरुवारी. भाजीवाल्याची पोरगी बाजारात होती, म्हणून दुसऱ्या एका मुलीनं त्यांच्यापुढं लाल पेटी धरली.

"हे काय वं?"

"सर, तुमची पेटी. सही करा."

साहेबांनी सही केली. त्यांच्या सहीला लांब शेपटी आहे, पेटीवर मावली नाही, कडेवर वळली. त्यांनी पेटी गुरुवारखाली लावली, मला फोटो काढायला सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत तो केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं, उपक्रमशील शाळा. साहेब हसरे, बोट पेटीवर, मागं मोठ्या अक्षरात गुरुवार.

मी अंगठा दाखवला. ग्रुपवर सगळ्यांनी दाखवला.

पुढंही तेच. ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये, दिवाळीनंतर. दर वेळी सही, दर वेळी फोटो. आरोग्य केंद्रातली सिस्टर एकदा मंगळवारी आली, तिची पेटी मंगळवारी. खताच्या दुकानाचा एक माणूस वह्या वाटायला आला, त्याची शनिवारी. बाकी लाल रांग गुरुवारखाली आडवी वाढत गेली. त्याच गुरुवारच्या वर साध्या पेट्यांचा, हजेरीचा खांब इतर वारांपेक्षा बुटका. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. गुरुजी एकदा पुठ्ठ्यासमोर उभे राहिले, वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमी भल्ल्या खतरनाक आहा."

"चहा घेता का, गुरुजी?" मी विचारलं.

जानेवारीत निरोप आला की फेब्रुवारीची शिक्षण परिषद आमच्या शाळेत. वार गुरुवार. साहेबांनीच ठरवला. तालुक्याच्या शाळांच्या प्रमुख, नव्याच आलेल्या गटशिक्षणाधिकारी मॅडम, त्या येणार होत्या. गुरुवारी आमचे वर्ग अर्धे रिकामे असतात हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं, प्रस्तावावर सही घ्यायची आणि जाता जाता पिशवी भरायची, असा साहेबांचा एकूण बेत मला दिसत होता. एकाच फेरीत तिन्ही कामं. माणूस व्यवहारी होता, ते मला मान्य आहे.

पण माझी आलेख वाचणारी पोरंही गुरुवारी बाजारात असणार होती.

मी त्या सकाळी शाळेआधी बाजारात गेले. दुकानं लागत होती. भाजीवाले गोणपाट पसरत होते, पोरगी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

"आज हिला एक तास पाठवा," मी तिच्या वडलांना म्हटलं.

"मॅडम, आज? आज तो धंदे का दिन है. दुकान कोन पाहीन?"

"पाचवीचा आज निकाल लागणार आहे. हिची पाचवी राहील की जाईल."

त्यांनी पोरीकडे पाहिलं. ती शिंपडायची थांबली नव्हती, पण कान इकडे होते.

"तो जो वांगेवाले साहब है, वो आयेंगे क्या?"

"येतील."

"वो हर वांगं दाब दाब के देखते. अंगूठे का निशान पडता वांग्यावर." त्यांनी हात झटकले. "जा गे. एक घंटा. मॅडमचं काम करून ये."

"अब्बू, टमाटे का ढेर मैं आके लगाऊँगी. तुमी लावाल तर पडते," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

आणखी दोन-तीन दुकानांवरून मी बाकीची पोरं गोळा केली. सगळी मिळाली नाहीत. पुरेशी मिळाली.

परिषद आमच्याच वर्गात होती. साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला, नवा, फेब्रुवारीपर्यंतचा.

"पाहा मॅडम," ते गटशिक्षणाधिकारी बाईंना म्हणाले, "ही खुंटी आणखी खाली गेली."

लोक हसले, पण जुलैइतके नाही. आमच्या भिंतीवरचा पुठ्ठा त्यांच्या पाठीशीच होता आणि काही जण तो वाचायला लागले होते. माझी अकोल्याची मैत्रीण त्यांच्यात होती. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला.

मी उठले. "सर, जुलैमध्ये तुम्ही मला सांगितलं होतं, पोट्ट्यांसंग बसून आलेख शिका. मी शिकले. मुलं एक आलेख वाचून दाखवणार आहेत. परवानगी द्या."

साहेब खूश. "हो हो, वाचू द्या ना! मॅडम, ही तीच काडेपेट्यांची शाळा. फोटो मीच टाकत असतो. हा उपक्रम माझ्याच मार्गदर्शनात सुरू आहे."

हे वाक्य ते बोलतील अशी माझी अपेक्षा नव्हती. एवढं मी मागितलं नव्हतं.

पोरगी पट्टी घेऊन पुढं झाली. हातांना अजून मेथीचा ओला वास होता. पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हा आमचा स्तंभालेख. एक पेटी म्हणजे दहा हजेऱ्या. सर्वात जास्त सोमवार. सर्वात कमी गुरुवार."

"गुरुवारी कमी का?" बाईंनी विचारलं.

"बाजार भरते!" अर्धा वर्ग.

"आणि या लाल पेट्या?"

"पाहुण्यांच्या. पाहुणा स्वतः सही करून लावते."

बाईंनी चष्मा लावला. पुठ्ठ्याजवळ गेल्या, एकेक सही वाचू लागल्या. मंगळवारची सिस्टर. शनिवारचा खतवाला. मग गुरुवार. त्या रांगेवरून त्यांचं बोट हळूहळू सरकत गेलं. शेपटीची सही, शेपटीची सही, शेपटीची सही. केंद्रातला प्रत्येक शिक्षक ती सही ओळखतो, त्याच्या प्रत्येक कागदावर ती असते.

बाई पोरांकडे वळल्या. "या लाल पेट्यांवरून काय कळतं?"

आलेख शिकवणाऱ्याला याहून चांगला प्रश्न नाही. चौथीतला तोच, दहा पोट्टे माचिसमध्ये कसे बसतील विचारणारा, म्हणाला, "साहेबाले बेस्तरवार आवडते."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार.

"काहून बरं?" बाई वऱ्हाडी बोलल्या.

"वांगे ताजे राहतात ना!"

जुलैमध्ये लोक जेवढे हसले होते त्याहून हे हसू मोठं होतं. मी हसले नाही. मी साहेबांकडे पाहत उभी राहिले. मला ते नीट पाहायचं होतं.

"अबे, चूप बस!" साहेब पोरावर ओरडले. मग बाईंना, "मॅडम, योगायोग आहे. भेटीचं नियोजन असते. अन् गुरुवारी यांची उपस्थिती कमी आहे हे तर यांच्याच आलेखात आहे. मी काय खोटं दाखवलं?"

बिनतोड होतं. मी यावर उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते द्यायची वेळ आली नाही. पोरगी पट्टी घेऊन सरळ भिंतीवरच्या साहेबांच्या आलेखाकडे गेली. साहेबांना बाजूला सरकावं लागलं. तिनं सवयीप्रमाणे आधी खाली पाहिलं. बारीक ओळीवर पट्टी ठेवली.

"इथं लिहिलं आहे, भेटीच्या दिवशीची उपस्थिती. भेट गुरुवारची. म्हणजे सर, तुमच्या आलेखातला आमचा पूरा खांब या एकाच वाराचा आहे." तिनं पट्टीनं पुठ्ठ्यावरचा गुरुवार दाखवला. "बाकीचे पाच वार तुमच्यात नाहीतच. ढेर का एकच टमाटा दाखवला तुमी. वो भी दबा हुआ."

"तू स्वतः गुरुवारी येतेस का शाळेत?" बाईंनी तिला विचारलं.

"नाही. दुकानावर बसते." लपवायचं तिला सुचलंही नाही. "आज आली. पाचवी पाहिजे म्हणून. आता जाते, अब्बूनं एकच घंटा दिला."

बाई हसल्या. मग साहेबांना विचारलं, "तुम्ही इतर वारी या शाळेत कधी आलात?"

"पाहावं लागेल, मॅडम."

"पाहायचं काय? समोर लावलं आहे."

त्यांनी प्रस्ताव तिथंच साहेबांच्या हातात परत दिला. पाचवी राहील म्हणाल्या. आणि बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची भरवायची परवानगी मागा, मी देते, म्हणजे पोरं शाळा करून दुकानावर जातील. हे गुरुजींना आणि मला आधीच सुचायला हवं होतं म्हणा, पण आम्ही दोघं आपापल्या कामात होतो. ते भिण्याच्या, मी दुसऱ्या.

परिषद संपल्यावर मी बाजारात गेले. भाजीवाल्यांकडून वांगी घेतली, न दाबता. परत आले तर साहेब शाळेसमोर मोटारसायकल काढत होते. डिकी बंद होती. पिशवी त्या दिवशी निघालीच नाही.

"सर, वांगी लागतात का? आज छान आहेत," मी पिशवी उघडून दाखवली.

त्यांनी किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली नाही. मी तिथंच उभी राहिले, सुरू होईपर्यंत.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांनी ते सगळे फोटो काढायचा प्रयत्न केला, पण इतक्या जुन्या गोष्टी सगळ्यांच्या फोनमधून निघत नाहीत. माझ्या अकोल्याच्या मैत्रिणीनं मला वेगळा मेसेज पाठवला, मस्त केलंस म्हणून. तिला मी उत्तर दिलेलं नाही.

जूनमध्ये पाचवी भरली. भाजीवाल्याची पोरगी पहिल्या बाकावर, नव्या दप्तरासह, तशीच हट्टी. गुरुवारी सकाळी शाळा, दुपारी दुकान. नवा पुठ्ठा लावला. नव्या पेट्या आहेत आणि गुरुवारचा खांब आता बाकीच्यांच्या बरोबरीनं वर येतो आहे. पोरं त्याच्याकडे अजून संशयानं पाहतात, मोजून पाहतात, मग मान्य करतात.

जुना पुठ्ठा टाकून द्यावा असं गुरुजींचं मत होतं. मी तो कार्यालयात लावला आहे, पाहुण्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर.

साहेब जुलैत आले. सोमवारी. रिकाम्या हातानं. खुर्चीत बसले, समोर पाहिलं आणि खुर्ची थोडी तिरपी केली. मी पुठ्ठाही थोडा तिरपा केला. तेवढ्यात पोरगी डिंक आणि लाल पेटी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरली.

"सर, सही. सोमवारखाली लावा."

त्यांनी सही केली. शेपटी आखूड होती.